मिठाच्या पाण्यावर बोललेला रेडिओ

ट्रान्झिस्टर नवे होते तेव्हाची गोष्ट सांगते. मालवणात मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी मुंबईहून आणलेला ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन, माझ्याकडे बोट दाखवत बाबांना विचारलं, "चेडवाक शाळेत कित्याक धाडतास?" बाबा गप्प. तेवढ्यात ऐन बातम्यांत सेल संपले.

मी उठले. शाळेतल्या प्रयोगासाठी जमवलेल्या तांब्याच्या नि जस्ताच्या पट्ट्या आणल्या, मिठाच्या पाण्याच्या पेल्यांत बुडवल्या सगळे पेले तारेने एकामागे एक जोडले आणि तारेची टोकं रेडिओत सेलच्या जागी लावली. रेडिओ खरखरला आणि चक्क बोलू लागला!

"चेडू पसंत!" पाहुणे ओरडले. "शाळा बंद करा, लगीन करूया."

मी म्हटलं, "माका अजून शिकूचा आसा."

आता बाबांना कंठ फुटला. "आयकलास मां? चाय घेवा. चेडू शिकतला."