पाहुणीला तिसरी वडी

बोरिवलीला बसच्या रांगेत पद्मजाबाईंच्या पुढे श्रुतिका आणि नितेश, कॉलेजची दोन पोरं, जपानी भाषास्पर्धेचे बिल्ले छातीवर लावून तावातावानं भांडत होती. बाईंनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि कान टवकारले.

"दोन मार्कांनी पहिला नंबर गेला, नितेश! तुझ्या त्या वडीपायी."

"संवादाच्या फेरीत परीक्षकबाई पाहुण्या झाल्या होत्या ना? मग पाहुण्यांना वाढलं."

"जपानी रीत म्हणजे दोनदा विचारायचं, 'नको' म्हटलं की थांबायचं. महिनाभर हेच घोकलं आपण!"

"त्यांची बशी बघितलीस? चाटूनपुसून साफ."

"म्हणून तिसरी हातात कोंबायची? वर 'खा गो बाय, लाजतंस कित्याक!' असं थेट जपानीत?"

"आदरानं बोलायचं विसरलो यार."

"सगळा हॉल हसला."

"त्यापण हसल्या. आणि खाल्ली ना!"

"मार्क कापलेच."

"कापले. मग बाजूला घेऊन म्हणाल्या, जपानहून मुंबईत येऊन तीन वर्षं झाली, जपानी येणारे सगळे 'नको' म्हटलं की थांबतात."

पद्मजाबाईंची बस आली. त्यांनी मागच्यांना पुढे जाऊ दिलं.

"आणि?"

"वड्या कुणी केल्या विचारलं. आईनं, म्हटलं. रविवारी आमच्याकडे जेवायला बोलावलंय त्यांना, दहिसरला."

"अरे वेड्या! पत्ता?"

"जपानीत लिहून दिला."

"तुझ्या जपानीत? चेंबूरला पोचतील त्या."

"खाली मराठीतपण लिहिलाय. रिक्षावाल्याला दाखवायला."

श्रुतिकानं छातीवरचा बिल्ला काढून हातात घेतला.

"आता काय?"

"मी किती वाजता येऊ?"