पाण्याच्या कडेची वाळू

धावण्याच्या गप्पा तुम्हीच काढल्यात, म्हणून सांगतो. आमच्या रेवदंड्याचा सदू एक्कावन साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत, मातीच्या धावपट्टीवर, आठशे मीटर धावला आणि चौथा आला. तिसऱ्याच्या मागे अगदी वीतभर. मी होतो ना तिथे! "सदू, आत ये, आत ये!" ओरडून घसा बसला माझा. कारण हा बाबा दोन्ही फेऱ्या सगळ्यांच्या बाहेरून, लांबचा वळसा घालून पळत होता. आतून पळाला असता तर पदक याचंच होतं.

शर्यत संपल्यावर मी भडकलोच. "बाहेरून कशाला मेलास?"

म्हणाला, "आतली माती सगळ्यांच्या बुटांनी उकरली होती रे. पाय आपोआप घट्ट जमिनीकडे गेले."

गावी आलो, तेव्हा त्याचा बाप होडीजवळ जाळं शिवत बसला होता. सदूला किनाऱ्यावर धावायला त्यानंच शिकवलेलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मीच सांगलं व्हतं तुला, मऊ वालूत पाय घालू नको, पान्याच्या कडंनं पल." मग जाळं खाली ठेवून म्हणाला, "पन तितं समिंदर न्हवता ना रं पोरा."

सदूनं ते हसून सोडून दिलं. म्हाताऱ्यानं नाही. त्यानंतर त्यानं कुणाला काही म्हणजे काही शिकवलं नाही. पुढे सदूचा मुलगा पहिल्यांदा होडीत बसला आणि विचारू लागला, "आजा, वल्हं कसं धरू?"

म्हातारा दुसरीकडे बघत म्हणाला, "तुज्या बापाला इचार."