पाना निसटला तेव्हा

हॅलो?… हो, मीच. ताई, अगं ताई, आधी श्वास घे. भावजी ठणठणीत आहेत… हो, समोरच बसलेत. दोन्ही हात जागेवर आहेत… भुवयासुद्धा!

स्फोट? कोणी सांगितलं तुला?… इस्त्रीवालीनं? ती तर पलीकडच्या खोलीत होती! अगं, ऐक ना. आमच्या लॉन्ड्रीतलं ते मोठं मशीन, चादरी वाळवायचं… हां, तेच. त्याचं पॅनेल उघडून भावजी नट आवळत होते. वीज बंद करायला खटका पाडला होता, पण शेजारच्या मशीनचा… हो ना! आणि हातातला पाना निसटला, तो थेट आतल्या वीज चालू असलेल्या दोन पट्ट्यांवर आडवा… ताई, ओरडू नकोस, कानठळ्या बसल्या माझ्या!

काय होणार? 'टप्' झालं. फ्यूज उडाला, पापणी लवायच्या आत… हो, तोच फ्यूज. ज्याच्यावरून माझं नि भावजींचं बोलणं बंद होतं.

नाही गं, आळशी नाही तो! त्या दिवशी भावजींनी मशीनमध्ये ओली ब्लँकेटं कोंबली, मोटर कण्हायला लागली, तेव्हा तो काही मिनिटांनी उडाला… कारण भार थोडाच जास्त होता. तेवढ्याला तो दम धरतो, निवळतंय का बघतो. तर हे म्हणे, 'असला झोपाळू फ्यूज कशाला? जाड तार घाल.' मी म्हटलं, मग दुसरी इलेक्ट्रिशियन शोधा… हो, तोंडावर म्हटलं!

पण शॉर्ट झालं ना, की तो थांबतच नाही. करंट पुरता चढायच्या आतच त्याच्यातली पट्टी वितळते, भोवतीची वाळू ठिणगी गिळून टाकते… तार असती तर? नको ना ते आता. नुसता पान्यावर काळा डाग पडलाय.

भावजी काय म्हणाले होय? आधी पाना उचलून तो डाग पुसून बघितला. मग हळूच म्हणाले, 'छोटे, तुझ्या ताईला तू सांग. मी सांगायला गेलो तर मलाच रडू फुटेल.'… हो, अस्सं म्हणाले.

ताई?… रडतेस की हसतेस? काहीतरी एक कर बाई!… हो, हो, देते त्यांना. भावजी, घ्या… हॅलो? ताई? हॅलो?…

ठेवला तिनं. भावजी, जरा केस नीट करा, ताई इकडे निघालीच असणार… नाही हो, रागावलेली नाही. म्हणजे, अजून तरी!