लोक काय म्हणतात

दिवाकर : बंद म्हणजे बंद, गंधाली. एवढी कम्प्युटर शिकलेली पोट्टी तू, अन् तुले एक वेबसाइट बंद करता येत नाही?

गंधाली : करते ना, काका. पण काहून, ते तरी सांगा. तात्यापारा मोहल्ल्यातलं दुकान तर चालूच आहे.

दिवाकर : ते माहं आहे. वेबसाइट कौमुदीची होती, तुह्या काकूची. वर्ष होत आलं तिले जाऊन. तवापासून लोक साइटवर येतात, पाहतात, काही न घेता निघून जातात. कुकर-मिक्सरचं सामान ते तिच्याचजवळून घेत होते.

गंधाली : लोग ढूँढ क्या रहे थे, ये देखा कभी? जे शोधलं अन् सापडलं नाही, त्याची यादी राहते. ऐका. "रब्बड". "कुकर की नाचने वाली". "मिक्सर का फूल".

दिवाकर : सगळं आहे ना आपल्याजवळ! रब्बड म्हणजे झाकणातलं गॅस्केट. नाचने वाली म्हणजे शिट्टी. फूल म्हणजे जारखालचा कपलर.

गंधाली : अन् तुमच्या बिलावरून साइटवर नाव काय आलं? "गॅस्केट, पाच लिटर". गॅस्केट कोण बोलते हो घरात?

दिवाकर : मंग तिच्या वेळेस कसं सापडत होतं?

गंधाली : नव्हतंच सापडत. काकूले फोन करत होते.

दिवाकर : हव. पोळी तव्यावर अन् फोन खांद्यावर. एकदा मी उचलला, तर एक बाई म्हणे, भैया, मेरा कुकर रो रहा है. मी म्हटलं, दवाखान्यात न्या. हिनं फोन हिसकला. म्हणे, अहो, झाकणातून पाणी गळून राहिलं तिच्या. पाच लिटरचं रब्बड काढा.

गंधाली : ते पण लिहिलं आहे तिनं.

दिवाकर : कुठं?

गंधाली : हे पाहा. प्रत्येक वस्तूखाली तिनं एक जास्तीचा रकाना बनवला होता. नाव दिलं, "लोक काय म्हणतात". गॅस्केटखाली वाचा. रब्बड, रबड, रिंग, कुकर रोता है.

दिवाकर : रात्री टाइप करत बसे, तवा मले वाटे, बहिणीसंगं चॅटिंग करून राहिली.

गंधाली : सहाशे वस्तू, काका. पण आपलं सर्च फक्त नाव अन् वर्णन पाहते. आपण बनवलेल्या रकान्यात जातच नाही. मी सांगितलं तर जाईल. और बंद किया, तो ये सब भी मिट जाएगा.

(दिवाकर तो रकाना वाचत खाली-खाली जातो.)

दिवाकर : किती वेळ लागते जोडायले?

गंधाली : चहा होईस्तोवर.

दिवाकर : मी ठेवतो चहा.

गंधाली : झालं. या, टाका काहीतरी.

दिवाकर : "नाचने वाली"... आली! तीन-तीन शिट्ट्या आल्या!

गंधाली : पण काका, काही ठिकाणी तिनं भलतंच लिहिलं आहे. ह्या वॉशरखाली ऐका. "यांना विचारू नका, सापडणार नाही. खालची फळी, निळा डबा."

दिवाकर : यांना म्हणजे?

गंधाली : तुम्हालेच. अजून कोणाले?

दिवाकर : आठ महिन्यांपासून मी ते वॉशर संपले म्हणून सांगून राहिलो, बेटा.

गंधाली : खोडू हे?

दिवाकर : गिऱ्हाइकाले दिसते काय?

गंधाली : नाही. फक्त शोधायच्या कामी येते.

दिवाकर : मंग राहू दे. शुद्धलेखनही सुधारू नको. चालू दे साइट.

गंधाली : एकच शब्द राहिला. काल कोणीतरी "मिक्सर की टोपी" शोधलं. ते काकूनं कुठंच नाही लिहिलं.

दिवाकर : झाकणाच्या मधातलं बुच असंन. आहे आपल्याजवळ.

गंधाली : तर टाका तुम्ही.

दिवाकर : मी? तिच्या रकान्यात?

गंधाली : त्या बुचाखाली "बुच, ढक्कन" एवढंच लिहून ठेवलं आहे तिनं.

दिवाकर : सरक जरा. कुठून लिहू, नव्या ओळीवर?

गंधाली : नाही, काका. तिच्याच ओळीत. ढक्कनच्या पुढं कॉमा द्या.