काळ्या जमिनीकडे धावलेला उंदीर

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा! भिणारा वाचतो, की न भिणारा? काय म्हणता भाऊ, न भिणारा? वा! हेच घरी बाईसाहेबांसमोर म्हणून दाखवा! असो. ऐका.

डोंगरात गोमा उघडे नावाचा शेतकरी राहतो, बायको हौसा. चैत्र लागला, राब भाजायचा होता. म्हणजे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळायचा. त्याची रीत आहे बरं! सकाळी, वारा पडलेला असताना, उताराच्या वरच्या अंगानं आग लावायची. ती सावकाश खाली उतरते. आणि आधी काठी आपटून जिवाजंतूंना हाक द्यायची – "निघा रं बाबांनो!"

गोमा उठलाच उशिरा. भर दुपारी निघाला, मागोमाग हौसा. हौसा म्हणाली, "अवं, वारा सुटलाय. उद्या लावा की!"

"गप ऱ्हा! मला शिकवतीस व्हय?"

हाक नाही, काठी नाही – खालच्याच अंगानं काडी लावली! आणि झाडाला अडकवलेला कोयता आणायला स्वतः निघाला उतार चढून! आता या शहाण्याला काय म्हणावं?

वारा फिरला. आग वाळल्या गवतात शिरली. गोमानं मागं पाहिलं – मंडळी, सांगतानाही अंगावर काटा येतो – खाली आग, डावीकडे आग, उजवीकडे आग!

तेवढ्यात झुडपातून रानमांजर सुटलं. काय ते जनावर! नखं, दात, वाऱ्यासारखे पाय! पण आज शेपूट फुगलेलं, डोळे फाटलेले. पायांवर भरवसा ठेवून ते सरळ वर पळालं. गोमाही त्याच्यामागं! छाती फुटायला आली, धूर घशात गेला. पण चढावर आग माणसापेक्षा जोरात धावते हो!

आणि समोरून आला उंदीर! मूठभर रानउंदीर, चक्क आगीकडे निघालेला! वेड लागलं का याला? एका जागी गवत खुरटं होतं, जाळ वीतभरच. त्यातून तो सुर्रकन पलीकडे गेला – जळून काळ्या झालेल्या जमिनीवर!

खाली बांधावर थांबलेल्या हौसाची किंकाळी आली, "धनी, काळ्यात या! काळ्यात!"

गोमा मागं वळला. ज्या आगीपासून पळायचं, तिच्यातच शिरायचं? खांद्यावरची घोंगडी डोक्यावर ओढली, "देवा!" म्हणाला आणि उडी टाकली. तळपाय भाजले, भुवया गेल्या, पण जीव राहिला! मांजर दुसऱ्या दिवशी वर कड्याखाली सापडलं. त्याचं मला जास्त सांगवत नाही.

बोला, मांजर आणि उंदीर, भ्यालं कोण? दोघंही! एक भिऊन आपल्या पायांच्या भरवशावर धावलं, दुसरं जळून गेलेल्या जागेकडे. जिथं सगळं जळालंय, तिथं आगीला खायला काय उरतं? आणि आपला 'मी मी' म्हणजे वाळलेलं गवत! तेच उराशी धरून आपण वर पळतोय – आणखी मान, आणखी नाव! पाठीला धग लागत नाही का? मला लागते हो, गळ्यातल्या या हारासकट!

गोमा आता दरवर्षी आधी हाक देतो. आज तीच मी तुम्हाला देतो. नाम घ्या, तो 'मी' जळू द्या, काळ्यात या. वारा सुटलाय – निघा रं बाबांनो!