बडी बीचं शेवटचं पान

— नाही हो श्रेयाताई, ते पान उंदरांनी खाल्लं. जुना कागद, त्यात गॅरेजातलं तेल-ग्रीस — उंदीर सोडतात व्हय? विमानाच्या कामाचं बाकीचं रजिस्टर आहे ना, घेऊन जा पुण्याला. आणि त्या स्टुलावर नको, डाग पडतील. ही खुर्ची घ्या. माझ्या मुलीची, नौशीनची आहे. चितेगावच्या शाळेत शिकवून आली की इथं बसून तुम्हाला फोन लावायची. दोघींचं तासभर तेच — ते विमान आणि त्याच्यावरचं पुस्तक. मी गाड्या खोलता खोलता ऐकायचो. तुमचा आवाज ओळखीचा आहे मला.

वाचा ना. सगळं माझ्या अब्बांचं अक्षर, विमानाचे मेकॅनिक होते ते. लढाईत बर्मावर बॉम्ब टाकून आलेलं विमान ते, लढाई संपल्यावर एका छोट्या कंपनीनं घेतलं. पोटाचे दरवाजे रिव्हेट मारून कायमचे बंद केले, वर फळ्या टाकल्या, शेपटीत बंदूकवाला बसायचा तिथं पत्रा ठोकला, खिडक्या कापल्या, एकवीस खुर्च्या बसवल्या — झालं पॅसेंजरचं. हैदराबाद, आपलं चिकलठाणा, मुंबई. मेकॅनिक लोक तिला बडी बी म्हणायचे. अंगानं जाड, उठायला वेळ लावणार, पण एकदा उठली की घरी पोचवणार. बॉम्बच्या जागेत लोकांच्या पेट्या, लोणच्याच्या बरण्या. एकदा बरणी फुटली तर आठ दिवस बडी बीच्या पोटातून आंब्याच्या लोणच्याचा वास — नौशीन लई हसायची त्याला. दहा वेळा सांगायला लावायची.

आणि हे दोन रकाने बघा. एक काम करणाऱ्याची सही, दुसरी तपासणाऱ्याची. दोन्ही एका माणसाच्या चालत नाहीत. ज्यानं काम केलं त्याला आपलं काम नीटच दिसतं, म्हणून दुसरा माणूस. नौशीननं तोच कायदा माझ्या गॅरेजला लावला. समोरच्या प्रेसमधून कार्डं छापून आणली. म्हणाली, अब्बू, बडी बीला होतं ते स्कूटीला का नको? मी गाडी करायची, सांडूनं ती पैठण गेटपर्यंत चालवून आणायची, मग त्यानं सही करायची. सांडू म्हणजे तो — तिकडं टायर काढतोय. कन्नडहून येतो रोज, एस.टी.नं. पंचवीस वर्षं झाली. गिऱ्हाईकं हसायची, म्हणायची, फारूखभाई, विमान सोडताय काय? हसू दे. नियम नियम असतो.

काय? — हो, शेवटची नोंद जानेवारीतली होती, डिसेंबरातली नाही. तुम्हाला माहीत आहे म्हणजे. तिनं सांगितलं असणार.

उंदीर नाही. मी फाडलं.

तिनं ते पान माझ्यापुढं धरलं. बडी बी पडली त्याच्या आदल्या संध्याकाळची नोंद — शेपटीकडं जाणारी तार बदलली. दोन्ही रकान्यांत अब्बांची सही. तपासणारा बहिणीच्या लग्नाला जालन्याला गेलेला, सकाळी विमान सुटायचं, कंपनीची घाई — केली सही. अकरा माणसं गेली. अब्बांनी पुन्हा विमानाला हात लावला नाही, इथं सायकलचं दुकान टाकलं, आणि मरेपर्यंत आम्हाला लोणच्याचीच गोष्ट सांगितली. ती म्हणाली, मी हे पुस्तकात लिहिणार. मी ओरडलो तिच्यावर. सख्ख्या आजोबाला खुनी ठरवतेस म्हणालो — म्हणालो तसं. ती म्हणाली, ठरवत नाही, जे आहे ते लिहिते. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी पान काढून घेतलं. तिला कळलं. आठ दिवस नुसतं हो-नाही.

पान जाळलेलं नाही. आहे. हे घ्या. आणि — हेही घ्या. हे बडी बीचं नाही. कार्ड आहे. तिची स्कूटी, मागच्या ब्रेकची तार बदलली. तारीख बघा. सांडूची एस.टी. त्या दिवशी घाटात अडकली होती, तिला शाळेला उशीर होत होता, आठ दिवसांनी पहिल्यांदा आपणहून बोलली — अब्बू, तपासली का? मी म्हणालो, हो बेटा. तिला दाखवलं कार्ड. दोन सह्या बघितल्या तिनं. दोन्ही माझ्या. काहीतरी बोलणार होती, पण पुन्हा भांडण नको असेल. गेली. पैठण रोडला ट्रकच्या मागं —

पोलिसांच्या कागदात ब्रेकचं काही नाही. मी वाचला तो, कितीदा वाचला. आणि बडी बीच्या चौकशीचा कागद तुमच्याकडं आहे ना? त्यात तारेचं आहे काही? धुकं होतं असं लिहिलंय? धुकंच असेल. बघा ना नीट — नाही? कारण कळलं नाही, एवढंच? सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कुणालाच कळलं नाही?

मग एक करा, ताई. हा पेन घ्या. कार्डावरची माझी एक सही खोडतो. त्या जागी तुमची करा. पुण्याहून आलात, शिकलेल्या आहात, तिची मैत्रीण आहात — लिहा की तार ठीक होती. कुणीतरी तपासली होती. नुसतं आडनाव लिहिलं तरी चालेल. सांडूला म्हणालो तर तो रडतो. करा ना. चाचा म्हणता ना मला?

पेन खाली का ठेवलात?

— बरोबर आहे. तुम्ही तार बघितलीच नाही, तर सही कशी करणार.

दोन्ही कागद न्या. छापा. आता जा ताई. रिक्षानंच जा.