पोर्तोच्या टॉवरवरची घंटा

अरे, बाबांना पोर्तोला नेलं, ते तुला सांगितलंच नाही. मिल्टन कीन्समधले राउंडअबाउट मोजून कंटाळले होते, म्हटलं चार दिवस फिरवून आणू. तिथे एका टूरबरोबर चर्चच्या टॉवरवर चढलो. वर ही भलीमोठी घंटा. साठीच्या गाइडबाई तिचं कौतुक सांगत होत्या, तेवढ्यात बाबा इंग्लिशमध्ये म्हणाले, "अशीच एक आमच्या गावच्या देवळात आहे. तुमचीच. मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हा तुमच्या चर्चमधून काढून आणली."

टूरमधले सगळे ब्रिटिश एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी हळूच म्हटलं, "बाबा, पुरे."

बाईंनी बाबांकडे रोखून बघितलं. "अजून वाजते?"

"रोज. दोन्ही वेळच्या आरतीला."

"नशीबवान आहे," बाई हसल्या. "ही बिचारी दोन वर्षं गप्प आहे. शेजारच्या हॉटेलातल्या पाहुण्यांची झोपमोड होते म्हणे."

बाबांनी घंटेवरून हात फिरवला, खाली वाकून तिच्या वजनाचा अंदाज घेतला आणि शांतपणे विचारलं, "मग हीपण नेऊ का?"